आल्हण म्हणजे काय?

काटेकोर साहेबांना नातू झाला, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर त्याचं वजन पुन्हा करायला लावलं. दवाखान्यातल्या काट्याची सुई शून्यावर नव्हती, शून्याच्या केसभर पुढे होती. उभा जन्म वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला हे कसं खपावं?

"माझा नातू जेवढा आहे तेवढाच लिहा," ते नर्सला म्हणाले. "कमी नको आणि जास्तही नको."

नर्सने सुई सरळ केली, बाळाला पुन्हा काट्यावर ठेवलं आणि जाता जाता आरशात स्वतःकडे बघून डोळे फिरवले. बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना 'काटेकोर' हे नाव काही उगीच दिलं नव्हतं. तोंडावर 'साहेब', पाठीमागे 'काटेकोर'. निवृत्तीनंतर साहेबपण गेलं, काटेकोर तेवढं उरलं, आणि आता तर टपालवालाही पाठीमागे त्यांना त्याच नावाने ओळखायचा.

खोलीत लेक उशीला टेकून बसली होती. दमलेली, पण डोळ्यांत एक मिश्कील तेज. ती वस्तुसंग्रहालयात जुने दगडी लेख साफ करायचं काम करायची. माणसं आरशासमोर जेवढा वेळ घालवतात, तेवढा ती दगडांसमोर घालवायची.

"बाबा, नाव ठरलंय," ती म्हणाली. "आल्हण."

"काय?"

"आल्हण. मध्ययुगातलं नाव आहे. एका शिलालेखात सापडलं मला. हल्ली कुणाचंच नसतं."

काटेकोरांनी शेजारी उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं. जावई चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायचा. समोरच्याला काय दिसतं हे विचारण्यात त्याचा दिवस जायचा, त्यामुळे स्वतःला काय वाटतं हे सांगायची सवयच मोडली होती. "मला आवडलं," एवढंच तो म्हणाला.

"छान आहे," काटेकोर म्हणाले. आणि इथेच ते थांबले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण घरी येताना इमारतीच्या जिन्यात त्यांना तळमजल्यावरचे औषधवाले भेटले. औषधवाले म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे काही ना काही असायचंच, गोळी नाहीतर सल्ला.

"नाव काय ठेवताय?"

"आल्हण," काटेकोर जरा छाती काढून म्हणाले. "मध्ययुगीन आहे. फार खोल अर्थ आहे त्याला."

"अस्सं! काय अर्थ आहे?"

काटेकोरांनी तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं. खोल अर्थ इतका खोल होता की त्यांच्या हाताला तो लागत नव्हता.

"उद्या सांगतो," ते म्हणाले आणि गुडघेदुखी विसरून एका दमात जिना चढले.

"मला विचाराल तर," खालून आवाज आला, "खोकल्याच्या औषधासारखं वाटतं. आल्हण, दोन चमचे, जेवणानंतर!"

घरी बायकोला त्यांनी झाला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "अहो, मग लेकीलाच विचारा की."

"तिला कसं विचारू? मी छान आहे म्हणून बसलोय. अर्थ माहीत नसताना छान म्हणणं म्हणजे न तपासता वजनावर शिक्का मारणं."

"मग मारलाय ना शिक्का? आता काट्याला दोष देऊ नका," ती म्हणाली आणि बाळासाठी जुन्या मऊ साड्यांचे तुकडे शिवायला बसली.

दुसऱ्या दिवशी बातमी वरच्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत पोचली होती. काकूंचं मत असं की नावाला अर्थ असो नसो, त्याला पल्ला हवा. "पोरगं खाली खेळत असलं आणि जेवायला बोलवायचं झालं, तर हाक कोपऱ्यापर्यंत गेली पाहिजे. थांबा, बघूया." आणि काटेकोर नको नको म्हणेपर्यंत त्या गॅलरीत जाऊन जीव काढून ओरडल्या, "आल्हऽऽण!"

रस्त्यावरच्या भाजीवाल्याने मान वर केली. "आलं नाही आणलं आज, काकू! उद्या आणतो!"

त्या दिवसापासून इमारतीत हसं सुरू झालं. कुणी म्हणे आल्हण की दळण? कुणी म्हणे बाळाला वळण लागू दे, आल्हण नंतर बघू. माणसं वाईट नव्हती. रोज कामाला जाणारी, रोज दमून परतणारी माणसं. त्यांना फुकटची करमणूक मिळाली होती, ती कोण सोडेल? पण काटेकोरांच्या जिवाला ते लागायचं. ज्यांच्या नुसत्या सावलीने बाजारातली पारडी सरळ व्हायची, त्यांचा नातू जिन्याजिन्यात चेष्टेवारी जात होता.

आणि अशातच विहीणबाईंचा फोन आला.

विहीणबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊनही त्या फोनवर अशा बोलायच्या, की ऐकणाऱ्याने आपोआप केस नीट करावेत.

"व्याही, नावाबद्दल कळलं. अर्थ काय?"

"आहे ना," काटेकोर म्हणाले. "अर्थ तर आहेच."

"काय?"

"जरा सविस्तर आहे. फोनवर नीट सांगता येणार नाही."

"ठीक आहे. रविवारी मी येतेय. समोरासमोर सांगा. माझं एकच म्हणणं आहे, ज्या नावाला अर्थ नाही ते नाव मी माझ्या नातवाला लावू देणार नाही. तुम्ही काटेकोर माणूस आहात म्हणून तुमच्यावर सोडते."

फोन ठेवल्यावर काटेकोरांच्या लक्षात आलं, की 'काटेकोर' हे नाव आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या तोंडावर घेतलं होतं, आणि तेही कौतुकाने. अशा वेळी माणूस अडकतो तो असा.

तोपर्यंत जन्मनोंदणीचा दाखला येऊन पडला होता. त्यांनी चष्मा लावून पाकीट फोडलं. बाळाचं नाव: आव्हान.

नोंदणी कचेरीतला कारकून सभ्य होता, हे आधी सांगायला हवं. त्याने काटेकोरांना बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि मग शांतपणे सांगितलं, "साहेब, तुम्ही दिलेला शब्द यंत्रात नाही. नसलेला शब्द दिला की यंत्र स्वतःच सुधारून घेतं."

"पण माझा नातू आव्हान नाहीये!"

"होईल की मोठेपणी," कारकून समजुतीने म्हणाला. "किंवा असं करा, 'आल्हाद' घ्या. चांगलं आहे, तयार आहे, लगेच होईल."

"मला तयार नाव नको. आल्हण हवंय."

"मग असं नाव अस्तित्वात असल्याचा पुरावा लागेल."

"अहो, मूल अस्तित्वात आहे! हातपाय हलवतंय!"

"मुलाचा पुरावा आहे आमच्याकडे," कारकून म्हणाला. "नावाचा नाहीये."

काटेकोरांनी स्वतः कितीतरी दुकानदारांना नेमकं हेच, अशाच थंड आवाजात, सांगितलेलं होतं. टेबलाच्या अलीकडच्या बाजूने ते वाक्य इतकं वेगळं ऐकू येतं याची त्यांना कल्पना नव्हती.

शेवटी कुणीतरी एका वृद्ध प्राध्यापकांचं नाव सुचवलं. भाषेचा इतिहास हा त्यांचा विषय. प्राध्यापकांच्या घरी खुर्च्यांवर पुस्तकं बसायची आणि माणसं उभी राहायची. काटेकोरांनी प्रश्न विचारताच म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद फुलला, की काटेकोरांना क्षणभर वाटलं आपणच त्यांचे कुणी हरवलेले नातेवाईक आहोत.

"आल्हण! वा! कुणी विचारत नाही हो आता असं काही. लोक येतात ते फक्त रद्दी द्यायची का म्हणून विचारायला. बसा. त्या शब्दकोशावरच बसा, जाड आहे."

मग चहा आला. चहाबरोबर पहिली व्युत्पत्ती आली: आल नावाचं एक झाड असतं, त्याच्या मुळापासून लाल रंग काढतात, तेव्हा आल्हण म्हणजे रंगारी असू शकेल. दुसऱ्या चहाबरोबर दुसरी आली: अलस म्हणजे आळशी, त्यावरून...

"आळशी?" काटेकोर शब्दकोशावरून अर्धे उठले.

"शक्यता कमी आहे. पण नाकारता येत नाही."

काटेकोरांच्या डोळ्यांसमोर विहीणबाई उभ्या राहिल्या. पाठोपाठ औषधवाले.

"तिसरी मला स्वतःला आवडते," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "मूळ शब्द आह्लादन. जो आनंद देतो तो. लोकांच्या तोंडात शब्द झिजतात, साहेब, पायऱ्या झिजतात तसे. आह्लादनचं आल्हादण झालं असेल, मधला 'द' गळाला असेल, राहिलं आल्हण. आनंद देणारा."

काटेकोरांना कारकून आठवला. 'आल्हाद' घ्या, तयार आहे. म्हणजे आपण ज्याला झिडकारलं तो या नावाचा सख्खा भाऊच निघाला! पण आता तेही चालणार होतं. ते उठून प्राध्यापकांचे हात धरणार, इतक्यात त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला.

"हे नक्की का?"

"नक्की?" प्राध्यापक हसले. "संभव आहे. बराच संभव आहे. आमच्या शास्त्रात नक्की फक्त चहा असतो. आणखी घेणार?"

झालं! ज्या माणसाने आयुष्यात एकाही 'बहुधा'वर शिक्का मारला नव्हता, तो हातात एक 'संभव' घेऊन घरी निघाला. वाटेत त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं, की आनंद देणारा असं ठणकावून सांगावं, विहीणबाई काय प्राध्यापकांकडे जाणार आहेत? पण जीभ वळेना. घरी पोचले तर दारातच लेक उभी. बाळ खांद्यावर, चेहरा उतरलेला.

"बाबा, तुम्ही गावभर फिरून नावाचा अर्थ विचारताय?"

"अगं, म्हणजे..."

"औषधवाले मला विचारत होते, चमचे मोजूनच ठेवलेत ना म्हणून. सगळे हसले. मीही हसले." तिने बाळाची पाठ थोपटली. "माझ्या मुलाच्या नावाची लाज वाटते का तुम्हाला? तसं असेल तर सरळ सांगा, मी बदलते."

एवढे दिवस काटेकोर नावाची अब्रू वाचवायला धावत होते. आणि धावताना प्रत्येक दारात तीच अब्रू टांगून येत होते. आतून बायको म्हणाली, "बदलायचं वगैरे काही नाही. बाळाला माझ्याकडे द्या आणि दोघं बापलेक जरा बाहेर जाऊन या. तो दाखला तेवढा दुरुस्त करून आणा. घरात एका वेळी एकच रडका पुरे."

दोघं निघाले. नोंदणी कचेरीत लेकीने कारकुनाच्या पडद्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "वर कोपऱ्यात 'शब्द सुधारा' लिहिलंय बघा, ते बंद करा. आता एकेक अक्षर टाका."

कारकुनाने टाकलं. आल्हण. यंत्राने चकार शब्द काढला नाही.

"आणि तो पुरावा?" काटेकोरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पुरावा यंत्र मागायचं, साहेब," कारकून म्हणाला. "आता ते गप्प आहे, तर मी कशाला मागू?"

बाहेर आल्यावर लेकीला हसू फुटलं. बापालाही फुटलं, पण त्याला ते खोकल्यासारखं दाखवावं लागलं. वस्तुसंग्रहालय तिथून जवळच होतं. "चला," ती म्हणाली, "तुम्हाला दाखवते."

मागच्या खोलीत एका लाकडी चौकटीवर तो दगड आडवा ठेवला होता. खालचा कोपरा फुटलेला. शेजारी मऊ ब्रश, पाण्याचं भांडं, कापूस. काटेकोरांना वाटलं होतं त्यापेक्षा तो कितीतरी लहान होता.

"कुणाच्या तरी परसात कपडे धुवायला वापरायचे हा, उलटा घालून," ती म्हणाली. "चुन्याचे थर होते. मला सातवा लागला होता, वाकता यायचं नाही, तर मी स्टुलावर बसून एकेक अक्षर मोकळं करायची."

"काय लिहिलंय?"

तिने बोट अक्षरांवरून फिरवलं, न टेकवता. "'आल्हणाच्या आईने हे तळे बांधिले.' बस. पुढचं फुटलंय."

"आईचं नाव?"

"नाही लिहिलं. आल्हण कोण होता, राजा होता की रंगारी, जगला की गेला, काहीच नाही. त्याच्याबद्दल जगाला एवढंच ठाऊक आहे की त्याला आई होती, आणि तिला स्वतःच्या नावापेक्षा त्याचं नाव दगडावर हवं होतं."

काटेकोरांनी चष्मा पुसून दगडाकडे पुन्हा पाहिलं.

"म्हणून ठेवलंस?"

"नाही." ती जरा लाजली. "नावातलं शेवटचं अक्षर साफ झालं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं. आल्हण. आणि बाबा, याने आतून लाथ मारली. मला वाटलं योगायोग. पुन्हा वाचलं, पुन्हा मारली. दुसरी कितीतरी नावं म्हणून पाहिली, अगदी तुमच्या जावईबापूंची यादीसुद्धा. ढिम्म. तेव्हा नाव मी ठेवलेलं नाही. त्याने ओ दिली, एवढंच. पण हे कुणाला सांगू नका हं. हसतील."

काटेकोरांनी मान हलवली. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि खोलीत चुन्याची धूळ फार आहे, असं काहीतरी म्हणाले.

रविवारी विहीणबाई आल्या. इस्त्रीची साडी, ताठ पाठ. त्यांनी बाळाला पाहिलं, पण घेतलं नाही, आधी काम. जावई भिंतीला टेकून उभा राहिला, मुख्याध्यापिकेचा मुलगा जसा जन्मभर उभा राहतो तसा.

"सांगा, व्याही."

काटेकोर उठून उभे राहिले. "विहीणबाई, एका विद्वानांच्या मते या नावाचा अर्थ आनंद देणारा." ते थांबले. "पण ते नक्की नाही. संभव आहे असं ते म्हणाले. रंगारी असाही होऊ शकतो. आणि आळशी असण्याची शक्यता कमी आहे, पण नाकारता येत नाही."

बायकोने कपाळाला हात लावला. एवढं सगळं काटेकोरपणे सांगायची खरंच काही गरज नव्हती.

विहीणबाई मात्र चिडल्या नाहीत. त्या खाली बघत म्हणाल्या, "माझं नाव माझ्या वडिलांनी बाजारात कुणीतरी कुणालातरी हाक मारताना ऐकलं. आवडलं म्हणून ठेवलं. वर्गात मुली अर्थ विचारायच्या आणि मला सांगता यायचा नाही. रडत घरी यायचे मी. तेव्हा, संभव मुलांना चालत नाही हो. त्याला कुणी विचारलं तर त्याच्याकडे काहीतरी उत्तर पाहिजे. एवढंच म्हणणं होतं माझं."

काटेकोरांच्या ओठांवर ती गोष्ट आली होती. त्यांनी दात आवळून धरले. शब्द दिला होता. त्यांचा तो लाल झालेला चेहरा लेकीने पाहिला, आणि ती सासूजवळ जाऊन जमिनीवर बसली.

"आई, उत्तर आहे," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं. दगड, चुना, रिकामी खोली, पहिली लाथ, दुसरी लाथ. जावई भिंतीपासून सरळ झाला. हे त्यालाही नवीन होतं.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केले. बाळ त्यांच्या हातात गेलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्या हलकेच म्हणाल्या, "आल्हण."

सगळ्यांनी श्वास रोखले. बाळाने आपलं चिमुकलं तोंड वासून मोठी थोरली जांभई दिली.

काटेकोर घाईघाईने म्हणाले, "झोप आली असेल त्याला, दुपारपासून..."

"ऐकलं त्याने," विहीणबाई ठामपणे म्हणाल्या. "जन्मभर शिकवलंय मी. डोळे विस्फारून बघणाऱ्या मुली नुसत्या बघत असतात. जांभई देणारी ऐकत असते."

त्यांच्या ताठ पाठीला पहिल्यांदाच थोडा बाक आला. बाळाच्या कपाळावरचं जावळ त्या बोटाने मागे सारत राहिल्या, आणि जावई हळूच येऊन आईच्या खुर्चीच्या हातावर बसला. त्यांनी त्याला ऊठ म्हटलं नाही.

मग चहाची वेळ झाली. काटेकोरांनी नातवाला आपल्याकडे घेतलं, आणि नातवाने वेळ न दवडता आजोबांचा धुतलेला शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत ओला करून टाकला.

"अरे आल्हण्या!" काटेकोर ओरडले.

"आल्हणला ओरडू नका हो," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"आल्हणचं दुपटं कुठंय?" जावयाने विचारलं.

"खिडकीत वाळतंय, आल्हणच्या टोपीशेजारी," विहीणबाई म्हणाल्या आणि स्वतःच उठून आणायला गेल्या.

लेक चहाचा कप हातात धरून बसली होती. घरभर ते नाव ऐकता ऐकता ती चहा प्यायला विसरली होती.